तिरकी

ताप उतरला त्याला आज त्रेचाळीस दिवस झाले.
प्लेटलेट्स परतल्या, एकेक करून,
जत्रेत रेंगाळलेल्या माणसांसारख्या.
डॉक्टर कुंकळ्येंकरांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिला,
म्हणाले, यात काहीच नाही.
मीही तेच सांगत होते त्यांना:
माझ्यात काहीच नाही.

दारापासून विहीर अठरा पावलांवर.
या घरात सोळा वर्षं काढली, कधी मोजली नव्हती.
नवव्या पावलावर शेवगा आहे.
त्याला टेकता येतं.

वेणी घालायला दोन्ही हात वर धरावे लागतात,
किती वेळ, ते
ज्याला धरवत नाहीत त्यालाच कळतं.
अर्धी वेणी मुठीत घेऊन पायरीवर बसते,
पदेराचा भोंपू ऐकते.
उठेपर्यंत त्याची सायकल वळणापलीकडे गेलेली.
परवापासून तोच खिडकीच्या गजाला पिशवी अडकवून जातो.
चार उंडे, गरम.
त्याला कुणी सांगितलं, ठाऊक नाही.

औषध सगळ्यांकडे आहे.
पपईच्या पानांचा रस. किवी. कुळथाचं कढण.
धाकटी जाऊ म्हणते, मन रमव.
मुख्याध्यापक म्हणतात, बाई, दिसता तर छान!
दिसते मी छान. साधारण साडेअकरापर्यंत.
मग आत कुणीतरी मेन स्विच खाली ओढतं.

काल तिसरीच्या वर्गात, सात सक बेचाळीसवर,
माझा आवाज संपला.
मुलं थांबली नाहीत.
सत्तरपर्यंत आपली आपण गेली,
वर आठाचा पाढाही धरला.
शेवटी तन्वेश टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाला,
बाई, तुमकां न्हीद येता?
नाही रे, म्हटलं, ऐकत होते.
आणि खरंच ऐकत होते.
इतकी वर्षं त्यांच्यापेक्षा मोठ्याने मीच म्हणत आले होते.

शाळा सुटली की जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून
दिवाडीची फेरीबोट.
पायी चढणाऱ्याला पैसे पडत नाहीत.
मासळीची रिकामी पाटी, गॅसचे सिलिंडर,
इंजिन बंद करून उभ्या राहिलेल्या स्कूटर.
दिवसात हीच काय ती दहा मिनिटं,
जेव्हा कुणीच काही करत नाही
आणि सगळेच पुढे जातात.
माझ्याइतकेच सगळे.

ओहोटीला जोर असला की बस्त्यांव
समोरच्या धक्क्याकडे नाक करतच नाही.
आधी वर काढतो बोट, खारफुटीच्या दिशेने,
भलतीकडेच.
नवखा पर्यटक मोबाईल खाली करून विचारतो,
हा चाललाय कुठे?
कुणी उत्तर देत नाही.
मग पाणीच बोटीला खाली ओढू लागतं,
आणि त्या ओढीत, तिरकी तिरकी,
ती बरोबर धक्क्याला लागते.

यातून मी काही शिकले असं नाही.
मी आपली बाकावर बसलेली असते,
पिशवीत न तपासलेल्या वह्या,
गुडघ्यांत कालचा दिवस.

फळी खाली येते. स्कूटर भुर्रकन जातात.
पाटी डोक्यावर, सिलिंडर खांद्यावर.
मी शेवटची.
साखळीवरचा पोरगा हात तसाच ठेवून उभा राहतो,
सावकाश या असंही म्हणत नाही,
घड्याळाकडेही पाहत नाही.
अशी माणसं फार नाहीत.

एक गोष्ट मात्र आता मला पक्की ठाऊक आहे,
बेटावर जन्मलेल्या नवऱ्यालाही नव्हती.
ओहोटीला पाणी खाली जातं
तशी धक्क्याची चढण लांबते.
भरतीला बारा पावलं.
ओहोटीला एकोणतीस, त्यातली शेवटची सात शेवाळाची.
म्हणून फ्रिजवर, गॅसच्या बिलाशेजारी,
भरतीच्या वेळांचा कागद लावलाय.
लेक हसते. आई, तू काय होडी घेणार?

सोमवारी भरती दोन चाळीसला.
शाळा दीडला सुटते.

थांबेन.